गल्लीतला वसंत

वसंत ऋतूची वर्णने करणाऱ्या जुन्या कवींपैकी एकानेही चैत्र-वैशाख मराठवाड्यात काढला नसावा, अशी माझी फार दिवसांची शंका आहे. त्यांच्या वसंतात मंद वारा वाहतो, भुंगे गुणगुणतात आणि सरोवरात कमळे डोलतात. आमच्या लातूरला फाल्गुन सरता सरता वारा सुटतो तो फुफाटा घेऊनच. भुंगे आहेत, नाहीत असे नाही. पण ते माळवदाच्या तुळयांना भोके पाडण्यात गुंतलेले असतात. आणि सरोवराचे म्हणाल, तर नळाला पाणी कोणत्या वारी येणार, हीच आमच्याकडे त्या ऋतूतली मोठी वार्ता. अशा गावात राहून वसंतावर लिहायला बसणे म्हणजे धीटपणाच म्हटला पाहिजे. पण दिवाळी अंकाचा वाचक पोटात फराळ आणि मनात क्षमा घेऊन बसलेला असतो, या भरवशावर मी तो करते आहे.

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की चहा पिता पिता विचारतात, "तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?" खरे तर सांगायला पुष्कळ आहे. खरोशाची लेणी आहेत, औशाचा आणि उदगीरचा किल्ला आहे. माझे माहेर नांदेडचे; तिथे गोदावरी आहे, सचखंड गुरुद्वारा आहे, जिल्ह्यात कंधारचा किल्ला आणि माहूरगड आहे. पण हे सांगायचे सोडून आपल्या तोंडून आधी निघते ते, "कशाचे काय हो, सगळा दुष्काळी मुलूख!" हे उत्तर आम्ही इतक्या वेळा दिले की मुलांचेही पाठ झाले. राज्याच्या कानाकोपऱ्यातून मुले लातूरला शिकायला येतात, आणि लातूरची मुले शिकली की पुण्याची गाडी धरतात. माझी मुलगीही तशीच गेली. जाताना म्हणाली, "आई, इथे राहून करू काय? इथे आहे तरी काय?" मी गप्प राहिले. तिचे म्हणणे मला आतून पटलेलेच होते.

तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे मिळाले, आणि ते मिळवून देणारी वस्तूही तिनेच घरात आणून ठेवली, ही त्यातली गंमत. २०१५ च्या दिवाळीत ती आली तेव्हा तिने नवा कॅमेरा घेतला होता. जुना माझ्या स्वाधीन करून म्हणाली, "पडून राहण्यापेक्षा तू वापर." त्याच्याबरोबर बांगडीएवढे एक धातूचे कडे होते. ते लावले की कॅमेऱ्याचे भिंग उलटे बसते. पुढचे तोंड मागे आणि मागचे पुढे. सुलटे भिंग मोठे जग लहान करून आत घेते. तेच उलटे केले की लहान वस्तू मोठी करून दाखवते. दुर्बीण उलटी धरून शेजारच्या माणसाला मुंगीएवढे करण्याचा खेळ आपण सगळ्यांनीच लहानपणी केलेला असतो. हा त्याच्या नेमका उलट खेळ. छायाचित्रकार याला मॅक्रो म्हणतात. त्यासाठी खास बनवलेली भिंगेही मिळतात, पण ती आमच्यासारख्यांच्या खिशाला न परवडणारी. त्या मंडळींची कसोटी अशी, की वस्तू जेवढी असेल निदान तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आतल्या पटलावर उमटली पाहिजे. मोहरीचा दाणा तिथे मोहरीएवढाच पडला, की पुढे कागदावर त्याचे लिंबू करता येते.

माझा पहिला प्रयोग झाला तो स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कोथिंबिरीवर. त्या हिवाळ्यातच पाण्याची ओढ लागली होती. कुंडीला तांदळाचे धुवण मिळत होते तोवर ती बरी होती. पुढे ते धुवणही भांडी विसळायला लागू लागले, तेव्हा कोथिंबीर रुसली. पाने बारीक झाली, दांडे उंच झाले आणि त्यांवर फुले आली. गृहिणीच्या लेखी फुलावर आलेली कोथिंबीर म्हणजे वाया गेलेली कोथिंबीर. उपटून टाकणार, तोच कॅमेऱ्याची आठवण झाली. भिंगातून पाहते तो काय! त्या पांढऱ्या छत्रीतली मधली फुले साधीसुधी, सारख्या पाकळ्यांची. पण कडेच्या प्रत्येक फुलाने आपल्या बाहेरच्या अंगाच्या पाकळ्या तेवढ्या मोठ्या केलेल्या, आतल्या आखूड ठेवलेल्या. एकेकटे पाहिले तर कडेचे फूल बेढब. पण सगळी मिळून एकच मोठे, झालरीचे फूल दिसते. लांबून येणाऱ्या माशीने भुलावे म्हणून केलेली ही मांडणी. लग्नाच्या पंगतीत वाटेकडे बसणाऱ्या बायकांनीच तेवढे शालू नेसावेत, तसा प्रकार! तीस वर्षे मी कोथिंबीर निवडते आहे, चिरते आहे, भाजीवर भुरभुरते आहे. तिचे तोंड मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

या छंदाचा मोठा शत्रू वारा. फूल इतके जवळ आणले, की त्याचा जो भाग स्पष्ट दिसतो तो मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीचा. पुंकेसर स्पष्ट धरावेत तर पाकळ्या धुक्यात जातात. पाकळीची कड धरावी तर पुंकेसर दिसेनासे होतात. त्यातून वाऱ्याची नुसती झुळूक आली तरी फूल चित्राच्या चौकटीतूनच पळते. भिंग फिरवून इथे फारसे साधत नाही. आपणच केसभर पुढे, केसभर मागे व्हायचे, श्वास रोखायचा आणि कळ दाबायची. पहाटे उजाडल्यापासून साडेसातपर्यंत वारा पडलेला असतो, तेवढाच वेळ आपला. बाकीचे साहित्य घरचेच. वारा अडवायला ह्यांची काळी छत्री, उजेड परतवायला स्टीलच्या डब्याचे झाकण, आणि फुलामागे धरायला काळ्या ब्लाउजपीसचा तुकडा. या थाटात मी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले, की दूधवाला थांबून विचारी, "काय हरवलं काकू?" सुरुवातीला लाज वाटे. पुढे पुढे मी सांगू लागले, "हरवलं नाही बाबा, सापडलंय." तो मान हलवून निघून जाई. ह्यांनी दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी आपण होऊन छत्री धरायला आले. संसारात यापेक्षा मोठी संमती कोणती असते?

आमची गल्ली दोनशे पावलांची. घरापासून कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत भाजी आणायला निघालेली बाई ती दोन मिनिटांत ओलांडते. त्या वसंतात मला ती ओलांडायला दीड महिना लागला.

दारासमोरच्या नालीच्या कडेला एकदांडी आहे. कोणी तिला कंबरमोडी म्हणतात, कोणी दगडीपाला. एका उंच दांड्यावर एक फिकट पिवळे बटण, एवढीच तिची ओळख. भिंगातून पाहिले तर ते एक फूल नव्हेच. मधल्या बटणात पुष्कळ फुले दाटीने बसलेली, प्रत्येकाला पाच पाळ्यांचे इवलेसे पिवळे तोंड. आणि भोवती चार-पाच रुंद पाकळ्या दिसतात, त्यांतली प्रत्येक पुन्हा एक वेगळे फूल. ही बाई मूळची उष्ण अमेरिकेतली. इथे कधी आली कोणी विचारत नाही, इतकी ती घरची झाली आहे.

शेजारच्या वकिलांच्या फाटकावर बोगनवेल आहे. तिचा जांभळा-गुलाबी रंग पाहून आपण म्हणतो, काय फुलली आहे! पण तो रंग फुलांचा नाही. ती रंगलेली पाने. तीन रंगीत पानांच्या आत तीन बारीक नळ्या उभ्या असतात, त्यांतल्या एकेकीच्या टोकाला फिकट पांढरी चांदणी उमलते. तेच खरे फूल. वर्षानुवर्षे आपण मंडपाचे कौतुक करत आलो, नवरी पाहायची राहूनच गेली.

मारुतीच्या पाराशी रुई आहे. शनिवारी तिच्या पानांच्या माळा होतात, आणि फुलांकडे कोणी ढुंकून पाहत नाही. या फुलाच्या मध्यभागी एक मुकुट असतो, सोनाराने घडवावा असा, पाच बाजूंचा. आणि त्याची कारागिरी नुसती शोभेची नाही. बहुतेक फुलांचा पराग पिठासारखा असतो. रुईचा तसा नसतो. त्याच्या मेणचट अशा दोन पिशव्या एका दोरीला बांधल्यासारख्या असतात, अगदी कावडीसारख्या. मधासाठी आलेल्या भुंग्याचा पाय मुकुटाच्या फटीत अडकतो, तो ओढून काढताना कावड पायाला लटकून येते, आणि पुढच्या फुलावर ती उतरवली जाते. एका सकाळी अशी कावड वाहणारा काळा भुंगा मला भिंगात सापडला. आमच्या तुळयांना भोके पाडणारा, तोच तो! त्या दिवसापासून घरात त्याच्याविरुद्ध एक शब्दही मी ऐकून घेत नाही.

आणि अंगणातली तुळस? तिच्या मंजिऱ्या आपण खुडून टाकतो, कारण न खुडल्या तर झाड लवकर जरड होते. एक मंजिरी मी ठेवली. तिच्यावर ओठ मुडपलेली चिमुकली फुले मजल्यामजल्यांनी लागतात, आणि खालचा मजला गळला तरी वरचा उमलतच असतो. रोज पाणी घालून, प्रदक्षिणा घालूनही हे कधी नजरेला आले नव्हते.

तुम्ही म्हणाल, बाईला रिकामा वेळ फार! हा आरोप माझ्याआधी एका मोठ्या माणसावर यायला हवा. जर्मनीत बर्लिनला कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे एक शिक्षक होते. कारागिरीच्या शाळेत ते मुलांना वनस्पतींवरून नक्षी घडवायला शिकवीत. मुलांना दाखवण्यासाठी म्हणून त्यांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने कळ्या, कोंब, देठ यांची कित्येक पटींनी मोठी केलेली चित्रे घेतली, आणि हे काम तीसएक वर्षे केले. त्यासाठी ते दूरच्या बागांत गेले नाहीत. रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या बांधावर उगवणारे साधे तण त्यांना पुरले. १९२८ साली त्या चित्रांचे पुस्तक निघाले तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'कलेची मूळ रूपे' असा. नेच्याच्या गुंडाळलेल्या कोंबात लोकांना लोखंडी जाळीची नक्षी दिसली आणि एक शाळामास्तर जगप्रसिद्ध झाला.

इतके दूर तरी कशाला जा? आमच्याच भागात व्ही. एन. नाईक या वनस्पतिशास्त्रज्ञांनी गावोगाव, माळोमाळ हिंडून इथल्या झाडाझुडपांची नोंद केली. 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद' हा त्यांचा ग्रंथ १९७९ चा. तेव्हा लातूर त्याच जिल्ह्यात होते, वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. पुढे १९९८ मध्ये साऱ्या मराठवाड्याची वनस्पती त्यांनी दोन खंडांत मांडली. ज्या मुलखाला आम्ही 'कशाचे काय' म्हणून हात झटकतो, त्या मुलखातल्या वनस्पतींना नुसती नावे-गावे लिहायला दोन जाड खंड लागले! हे कळले तेव्हा मला मुलीच्या प्रश्नाची पुन्हा आठवण झाली.

पण त्या वर्षीच्या वसंताची खरी गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. ते वर्ष २०१६. धनेगावच्या मांजरा धरणाने तळ दाखवला होता. मार्च महिन्यात शहरात पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली. जमावबंदी एरवी दंगलीत लागते. आमच्याकडे ती घागरींसाठी लागली. आठ एप्रिलला पाडवा झाला आणि त्यानंतर चारच दिवसांनी, बारा तारखेला पहाटे, मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून कृष्णाकाठचे पाणी आमच्या स्टेशनात उतरले. वर्तमानपत्रांतून साऱ्या देशाने ती गाडी पाहिली. लातूर म्हणजे तहान, असे समीकरण त्या महिन्यात पक्के झाले.

त्या दिवसांत टँकर पहाटे येई. केव्हा येईल याचा नेम नसे, म्हणून आम्ही चारपासूनच हंडे-घागरी लावून बसत असू. आमच्या रांगेची जागा कोपऱ्यावरच्या लिंबाखाली. कडुनिंबाला आमच्याकडे नुसता लिंब म्हणतात. तो लिंब त्या वर्षी असा फुलला होता की पाने दिसू नयेत. अंधारात फुले दिसत नव्हती, पण मधासारखा गोड वास सगळ्या रांगेवर पसरलेला असे. मुळे खोल गेलेले झाड ते. कुठून कोणते पाणी शोधून काढले, त्याचे त्याला ठाऊक. उजाडू लागले की दिसे, आमच्या रिकाम्या घागरींत तळाशी पांढरी फुले पडलेली आहेत. बायका टँकर आला की घागर उपडी करून ती फुले झटकीत आणि पाणी भरीत. मीही झटकीत असे.

एका पहाटे टँकरला उशीर झाला. मी घरी जाऊन कॅमेरा घेऊन आले आणि घागरीतले एक फूल तळहातावर घेतले. लिंबाचे फूल उणेपुरे सेंटीमीटरभर रुंद. पाच पांढऱ्या पाकळ्या मागे वळलेल्या, आणि मधोमध एक पांढरी नळी उभी. दहा पुंकेसरांचे दांडे एकमेकांना जोडून ती नळी झालेली. तिच्या तोंडाशी आतून दहा पिवळसर परागकोश ओळीने बसवलेले. अंगठीचे कोंदणच जणू. रांगेतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर ते चित्र पाहिले आणि विचारले, "हे कुठलं ग?" मी वर बोट दाखवले. त्यांनी वर पाहिले, मग आपल्या घागरीत पाहिले. त्या दिवशी टँकर आल्यावर मावशींनी घागर झटकली नाही. ओंजळीने फुले काढली आणि पदराच्या टोकात बांधली. मला म्हणाल्या, "पाडव्याला तोडून खाते मी दरसाल. बघितलं नव्हतं कधी."

पाण्याच्या त्या रांगेत सौंदर्याचा विचार करणे कुणाला चैनीचे वाटेल. मला स्वतःलाही ते मनात टोचले होते. पण एक गोष्ट नक्की: तहानेने माणसाची नजर फार आखूड होते. हंडा, नळी, आपला नंबर, यापलीकडे काही दिसत नाही. शेजारणीचा चेहराही दिसत नाही. त्या फुलाभोवती आम्ही पाच-सहा जणी क्षणभर डोकी जोडून उभ्या राहिलो. त्याने कोणाची घागर भरली नाही. पण त्या सकाळी रांगेत भांडण झाले नाही, एवढे मी पाहिले.

वैशाखात लोहा, अहमदपूरवरून जाणाऱ्या एसटीने मी नांदेडला आईकडे गेले. आईला तेव्हा मोतीबिंदूने बारीक काही दिसत नव्हते. भाच्याने माझी चित्रे टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावून दिली. लिंबाचे फूल हातभर मोठे झालेले. आई खुर्ची पुढे ओढून पाहू लागली. तिला नुसते पाहून समाधान नव्हते. प्रत्येक चित्राला तिच्याजवळ एक जोडी होती. एकदांडी दिसली की म्हणे, "याचा पाला चोळून लावला की खरचटलेलं रक्त थांबतं, तुझ्या गुडघ्याला किती वेळा लावलाय." शेवग्याचे फूल दिसले की, "याची भाजी तुझ्या आजोबांना फार." परसातल्या आंब्याचा मोहर मी माघात आले तेव्हा टिपला होता. भिंगातून दिसते की आंब्याच्या चिमुकल्या फुलात बहुधा एकच पुंकेसर कामाचा असतो, बाकीचे नुसते नावाला. आणि मोहरातली पुष्कळशी फुले फळ न धरणारी नरफुलेच असतात. मी हे शास्त्र सांगू लागले तशी आई हसली. "ते होय! म्हणून तर मोहर बघून कैऱ्या मोजू नयेत म्हणतात." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मी जन्मभर खुडलं. तू बघायलीस. दोन्ही पाहिजे बाई."

आईचे ते बोलणे मी अजून घोळवते आहे. माझ्या मुलीच्या पिढीला झाडांची नावे पुस्तकातून येतात, माझ्या आईला ती हातातून आली. मधल्या आम्ही. आम्हाला ना धड पाला वाटून लावता आला, ना धड पुस्तक उघडता आले. कॅमेऱ्याने मला निदान या दोघींच्या मध्ये बसायला जागा दिली.

पुढे दर चैत्रात मी गल्लीतली दहा-बारा चित्रे छापून आणू लागले आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आरासीत मांडू लागले. आंबेडाळ आणि पन्हे घेता घेता बायका ओळखण्याचा खेळ खेळतात. कोथिंबिरीला कोणी परदेशी फूल म्हणते, तुळशीच्या मंजिरीला कोणी ऑर्किड. लिंबाचे फूल तर पहिल्या वर्षी एकीलाही ओळखता आले नाही. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, माझ्याहून हुशार बायका. पण सगळ्या हरल्या. तेवढ्यात गल्ली झाडणारी बाई हळदीकुंकवाला आली. चित्रापाशी उभी राहिली आणि लगेच म्हणाली, "लिंबाचं फूल हाय की! रोज ढिगानं झाडते मी." जी खाली वाकून काम करते तिलाच ते दिसले होते, आणि तेही भिंगाशिवाय.

तीनएक वर्षांपूर्वी त्या लिंबावर संकट आले. नाली रुंद करायची होती आणि झाड आड येत होते. काम करणारी माणसे आली, खोडावर खडूने खूण झाली. तेव्हा आमच्या गल्लीने, जिने आजवर कशालाच हरकत घेतली नव्हती, अर्ज लिहिला. शहरातल्या झाडांच्या जतनासाठी आपल्या राज्यात १९७५ चा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानले आहे, ही माहिती मुलीने पुण्याहून कळवली. झाडाचे वय सिद्ध करायला म्हाताऱ्या मावशीच पुढे झाल्या. "माझं लग्न होऊन मी या गल्लीत आले तवा याच्या सावलीत वरात थांबली होती," त्यांनी सांगितले. आणि त्यांच्या लग्नाला साठ वर्षे होऊन गेली होती. अर्जाबरोबर आम्ही फुलाचे एक चित्र जोडले. चित्राने काही झाले असेल असे मी म्हणत नाही. पण गल्ली झाडणाऱ्या बाईंसह त्रेचाळीस सह्या झाल्या, त्या मात्र चैत्रगौरीला ते फूल पाहिलेल्या हातांच्या होत्या. शेवटी रस्त्याकडची एक मोठी फांदी गेली, नाली थोडी वळली, झाड राहिले. फांदी गेली त्या बाजूला अजून सावली नाही. पण यंदा चैत्रात तिथल्या खुंटातून तांबूस पालवी फुटलेली मी टिपली आहे.

मुलीला आता मी दर वसंतात चित्रे पाठवते. ती पुण्यातच आहे, तिचे तिथे बरे चालले आहे, आणि मी तिला परत ये म्हणत नाही. मात्र हल्ली फोनवर ती विचारते, "लिंब फुलला का ग? एकदांडीचे नवे काही?" इथे आहे काय, असे विचारणे तिने सोडून दिले आहे. मागच्या महिन्यात तिनेच मला एक चित्र पाठवले. तिच्या इमारतीच्या वाहनतळाच्या फरशीच्या फटीत उगवलेली एकदांडी, जवळून घेतलेली, जरा हललेली. मी ते जपून ठेवले आहे.

वाचकहो, वसंताला अजून अवकाश आहे, आणि हाती कॅमेरा असायलाच हवा असेही नाही. उद्या दाराला तोरण बांधाल तेव्हा झेंडूची एक पाकळी ओढून पाहा. तिच्या बुडाशी एक काळसर काडी येईल. तीच पुढे बी होते. म्हणजे तुम्ही जिला पाकळी समजलात ते एक अख्खे फूल आहे, आणि ज्याला एक फूल समजून तोरणात ओवलेत तो शंभर फुलांचा मेळावा आहे. घरातल्या लहानग्याला ते दाखवा. मोठ्या आईला किंवा आजीला विचारा, तिच्याजवळ त्याची आणखी एखादी गोष्ट निघेल. मग चैत्रात आमच्याकडे या. पाणी जपून वापरावे लागेल, ऊन फार लागेल. पण पाहण्यासारखे काय आहे, हे मी तुम्हाला माझ्या दारापासून मारुतीपर्यंत दाखवीन. वेळ मात्र काढून या. दोनशे पावले आहेत.